स्कॅनर कुणाचा, पैसे कुणाचे

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे पुण्यात नोकरीला, आई-बाबा यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका खेड्यात. बाबांना दिवाळीला चांगला फोन घेऊन दिला, त्यात पैसे भरायचं ॲप टाकून दिलं, तरी बाबा महिन्यातून दोनदा तालुक्याला जाऊन रोकडच काढून आणतात. आईचं जनधनचं कार्ड पेटीत पडून आहे. किराणा, भाजी, चक्की, दवाखाना यासाठी त्यांनी नेमकं काय वापरावं, आणि त्यांना फोनची सवय कशी लावावी?

मी दिग्रसच्या बाजूला एका गावात चौदा वर्षांपासून किराणा दुकान चालवतो. त्याच दुकानात खिडकीजवळच्या टेबलावर नऊ वर्षांपासून बँक मित्राचं काम करतो. म्हणजे सकाळी लोकांना त्यांच्या खात्यातले पैसे काढून देतो आणि संध्याकाळी त्यातलेच काही गल्ल्यात परत घेतो. दोन्ही बाजूंनी पैसा बघायला मिळतो, म्हणून सांगतो.

भाऊ, ‘सवय लावायची’ हे आधी डोक्यातून काढा. बाबांना फोन जमत नाही म्हणून ते रोकड आणतात, असं तुम्ही धरून चालला आहात. एकदा त्यांच्यासोबत जाऊन बघा, ते नेमके कोणत्या दिवशी पैसे काढतात. माझा अंदाज, बाजाराच्या आदल्या दिवशी. कापसाची वेचाई सुरू असली की वेचणाऱ्या बायांचा हिशेब आठवड्याच्या बाजारालाच होतो. किलोवर मोजलेला कापूस, एकीचे १,४३०, दुसरीचे १,१६०, तिसरीने मधेच शंभर उचल घेतलेली. त्या बायांना पैसे हातात लागतात, कारण तिथून त्या थेट बाजारातच जातात. त्यांच्या नवऱ्याच्या किंवा पोराच्या फोनवर टाकले तर हिशेब बरोबर होतो, पण बाई बाजारात रिकाम्या हाताने उभी राहते. पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्याच्या वावरात वेचायला जाईल. बाबांना हे ठाऊक आहे. तुम्हाला पुण्यातून ते दिसत नाही.

दुसरं कारण ते तुम्हाला कदाचित सांगणार नाहीत. आपल्याकडे बऱ्याच घरांत पीककर्जाचं खातं आणि अनुदान जमा होतं ते खातं एकच असतं. कर्ज थकलेलं असलं की आलेले पैसे बँक त्यात वळते करेल, निदान अडकवून ठेवेल, ही धास्ती लोकांच्या मनात बसलेली आहे. म्हणून पैसे आले की दुसऱ्या दिवशी माणूस खातं रिकामं करून टाकतो. याला तुम्ही अज्ञान म्हणू नका. माझ्या टेबलासमोर पीएम किसानचे दोन हजार आले का बघायला जी रांग लागते, त्यातले निम्मे जण मेसेज वाचू शकणारे असतात.

आता बाजारातलीच गोष्ट सांगतो, कारण माझं सगळं उत्तर तिच्यात आहे. आमच्या बाजारात सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या, बरबटीच्या शेंगा घेऊन बसणारी एक बाई आहे. तिच्या तराजूपाशी स्कॅनरचं कार्ड टांगलेलं आहे, अगदी लॅमिनेशन करून. मी एकदा चाळीस रुपयांच्या भाजीसाठी फोन काढला तर ती म्हणाली, “दादा, रोख असन तं रोखच द्या जी. स्कॅनर पोराचा हाय, पैसे त्याच्या खात्यात जाते. मंग सांजच्याले तेल-मीठ घ्याले माह्यापाशी काय राह्यते?” पोरगा नागपूरला. स्कॅनर त्यानेच कौतुकाने लावून दिलेला. दिवसभर ती माल विकते आणि निम्मे पैसे शंभरावर किलोमीटर लांब जाऊन पडतात. रात्री तो फोन करून सांगतो, “आई, आज साडेचारशे आले.” ती म्हणते, “बरं झालं बाप्पा.”

तेव्हापासून मी कुणालाही रोख का फोन असं विचारत नाही. पैसा दिल्यावर तो कुणाच्या हातात पडतो, आणि देण्याआधी कुणाच्या हातात होता, एवढंच विचारतो.

हेच तुमच्या आईला लावून बघा. लाडक्या बहिणीचे पंधराशे तिच्या खात्यात येत असतील. ते खातं बाबांच्या फोनमधल्या ॲपला जोडलं की पिन बाबांना माहीत होणार, किंवा पोराला. भांडण होईल असं नाही, तुमचं घर चांगलंच असेल. पण आजवर तिच्या मसाल्याच्या डब्यात असलेली दोनशेची नोट तिला कुणाला न विचारता वापरता येत होती. फोनमधल्या पैशाला आता ‘दोनशे कशाला पाहिजे?’ हा प्रश्न चिकटला. माझ्याकडे महिन्याला कितीतरी बाया अंगठा लावून पाचशे-पाचशे काढतात आणि म्हणतात, घरी सांगू नका. मी सांगत नाही. आईसाठी माझं मत स्पष्ट आहे: तिचं खातं कुणाच्याच फोनला जोडू नका, निदान तिचा स्वतःचा फोन आणि स्वतःचं सिम असल्याशिवाय. तिने महिन्यातून एकदा-दोनदा अंगठ्याने काढावेत आणि रोख वापरावेत.

पण अंगठ्याबद्दल जरा थांबून सांगावं लागेल, कारण आपल्या भागात फोनपेक्षा जास्त फसवणूक मी अंगठ्यावर पाहिली आहे. खेड्यातला माणूस आता तीन ठिकाणी अंगठा लावतो: रेशन दुकानात, खताची बॅग घेताना कृषी केंद्रात, आणि बँक मित्राकडे. पहिल्या दोन ठिकाणी फक्त ओळख पटते, खात्यातून एक पैसा जात नाही. तिसऱ्या ठिकाणी पैसे जातात. म्हाताऱ्या माणसाला तिन्ही मशीन सारख्याच दिसतात. दोन उन्हाळ्यांपूर्वी एक आजी पासबुक घेऊन माझ्याकडे आली. दुसऱ्या गावात एका पोराकडे हजार रुपये काढायला गेली होती. त्याने अंगठा घेतला, “लिंक नाही माय, परत लाव” म्हणाला. परत लावला, हजार दिले. पासबुकात एकाच दिवशी, चार मिनिटांच्या अंतराने हजाराच्या दोन नोंदी. तक्रारीचा कागद लिहून तिच्या नातवाबरोबर बँकेत पाठवला, एक प्रत त्या पोराच्या टेबलावर ठेवायला लावली. तिसऱ्या दिवशी पैसे घरपोच आले.

आईला एवढंच शिकवा: दुसऱ्यांदा अंगठा लावायच्या आधी पहिल्या वेळची चिठ्ठी मागायची. व्यवहार फेल झाला तरी मशीनमधून चिठ्ठी निघते आणि त्यावर तसं लिहिलेलं असतं. एका वेळी दहा हजारांपर्यंतच निघतात. आणि बँक मित्राला बँकेकडून कमिशन मिळतं, तो वरून दहा-वीस रुपये मागत असेल तर द्यायचे नाहीत. माझ्या धंद्यातल्या काही लोकांना हे लिहिलेलं आवडणार नाही, पण खरं आहे ते आहे. पोस्टमनकडेही आता हे मशीन असतं, गाव आडवळणी असेल तर तो बरा. महिनोन्महिने अंगठा लागणारच नसेल तर आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं, मात्र रेशनच्या वेळी ते उघडावं लागेल, नाहीतर दुकानदार माघारी पाठवेल.

आता बाबांचा फोन. फोन वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. माझ्या दुकानात त्याने सगळ्यात मोठा फायदा चिल्लरचा केला. आधी तीन रुपये परत द्यायचे तर चॉकलेट द्यावं लागायचं, लोक तोंड वाकडं करायचे. आता सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीसच. शिवाय दुकानदाराला यासाठी काही कापून द्यावं लागत नाही; १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड या दोन्हींवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेणं बंद आहे. एखादा मेडिकलवाला ‘फोनने देता तर दोन टक्के जास्त’ म्हणाला तर तो ते स्वतःच्या खिशात घालतोय असं समजा.

माझा सल्ला फक्त एवढाच, की ज्या खात्यात कापसाचा चुकारा, सोयाबीनचे पैसे, पीककर्ज येतं ते खातं फोनला जोडू नका. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस घातला की पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. वर्षाची कमाई तिथे एकदम पडते. त्याच खात्यावर चहाचे दहा रुपये स्कॅन करणं म्हणजे कोठाराची चावी पानठेल्यावर ठेवण्यासारखं आहे. बाबांचं दुसरं एक लहान बचत खातं उघडा, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत किंवा जवळच्या बँकेत. त्यात तीन-चार हजार राहू द्या, संपले की भरा. फोन त्यालाच जोडा. यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण एक लाखाची असते. ज्याच्या खात्यात दोन लाखांचा चुकारा पडला आहे त्याला एका फसव्या फोनवर किती जाऊ शकतात हे लक्षात घ्या. लहान खात्यात आहेत तेवढेच जातील.

हे मी दुसऱ्याचं बघून सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी एका अनोळखी गिऱ्हाइकाने माझ्याकडून ६४० रुपयांचा माल नेला, स्कॅन करून पैसे दिले. महिन्याभराने माझं खातं बंद पडलं. ते पैसे कुठल्यातरी परराज्यातल्या फसवणुकीतून फिरत आले होते, तपासात त्या साखळीत माझंही नाव आलं. दुकानाचं आणि घरचं खातं एकच होतं. ठोकवाल्याला द्यायचे पैसे अडकले, पोराची फी अडकली. बिलाची प्रत, अर्ज, पोलीस स्टेशन, पुन्हा बँक. खातं मोकळं व्हायला पाच आठवडे गेले. बँकेतला माणूस वाईट नव्हता, पण ‘वरून आलंय’ याच्या पुढे त्याला काही सांगता येत नव्हतं. त्या पाच आठवड्यांत घर चाललं ते बायकोने धान्याच्या कोठीत ठेवलेल्या रोकडीवर. त्या दिवसापासून दुकानाचं खातं वेगळं, घरचं वेगळं, आणि कोठीतले पैसे मी कधी मोजायला मागितले नाहीत.

बाबांच्या त्या लहान खात्यावर यूपीआय लाइट सुरू करून द्या. त्यात पाच हजारांपर्यंत पैसे ठेवता येतात, एका वेळी हजारापर्यंत पिनशिवाय जातात. बँकेचं सर्व्हर झोपलेलं असलं तरी बहुतेक वेळा चालतं, आणि पासबुकात पाच-पाच रुपयांच्या नोंदींची रांग लागत नाही. तोटा असा की फोन हरवला आणि त्याला लॉक नसलं तर ते पैसे गेले. म्हणून पाच हजार नको, पाचशे-सातशे ठेवा. रेंजचं म्हणाल तर आमच्याकडे पावसात टॉवर गेला की दोन-दोन दिवस येत नाही. *९९# वर साध्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात, इंटरनेट लागत नाही, पण ते मेनू वाचत-वाचत करणं बाबांना जमेल असं मला वाटत नाही. मलाही कंटाळा येतो. आणि टॉवर सुरू असूनही कधी सगळं एकदम थांबतं. १२ एप्रिल २०२५, शनिवारी, देशभर यूपीआय बराच वेळ अडकलं होतं. त्या दिवशी माझ्या दुकानात ज्यांच्या खिशात नोटा होत्या त्यांनीच सामान नेलं, बाकीच्यांचं वहीत लिहिलं.

वही. शहरात बसून रोख, कार्ड, फोन असे तीन पर्याय मोजले जातात. आपल्याकडे चौथा आहे आणि तोच सगळ्यात मोठा आहे. जून ते ऑक्टोबर निम्मं गाव उधारीवर खातं. बाबांचंही माझ्यासारख्या कुणाकडे तरी खातं असणारच. फोनचा खरा उपयोग मला इथे दिसतो. उधारीतले पाचशे फेडले तर ते फोनने द्यायला सांगा आणि पैसे पाठवताना खाली टिपणाची जागा असते तिथे ‘उधारी, आषाढ’ असं काहीतरी टाकायला सांगा. दुकानदार प्रामाणिक असला तरी वहीत लिहायचं राहून जातं, माझंही राहतं. दिवाळीला हिशेब बसतो तेव्हा तारखेसकट पुरावा हातात असला की दोघांनाही गोड बोलता येतं.

कृषी केंद्रातही हेच करा, पण तिथे एक चूक सगळे करतात. बियाण्याची बॅग फोनने घेतली म्हणजे पुरावा झाला असं समजतात. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रारीला पक्कं बिल लागतं, लॉट नंबर टाकलेलं. बॅग आणि टॅगही जपून ठेवावा लागतो. फोनवरचा व्यवहार तुम्ही पैसे दिले एवढंच सांगतो, कशाचे दिले ते सांगत नाही.

फसवणुकीचं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, मी दोनच सांगतो. पैसे यायला पिन लागत नाही. शिल्लक बघणं सोडलं तर पिन टाकला की पैसे जातातच. एका माणसाने दुसऱ्या माणसाला ‘पैसे मागणारी’ रिक्वेस्ट पाठवायची सोय तर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच झाली आहे, तेव्हा कुणी तसं काही सांगितलं तर फोन ठेवून द्यायचा. आणि स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी समोर बँकेतलं नाव येतं ते मोठ्याने वाचायचं, “अमुक अमुक, बरोबर का?” आमच्याकडे बाजारात एकाच्या स्कॅनरवर कुणीतरी रात्रीतून दुसरं स्टिकर चिकटवलं होतं, अर्धा दिवस पैसे भलतीकडे गेले. गिऱ्हाइकाने नाव वाचलं म्हणून कळलं. मी दुकानदार म्हणून स्क्रीनशॉट बघत नाही. पैसे आले की बोलून सांगणारी पेटी दुकानात असते, ती बोलली तर पैसे आले, नाहीतर नाही. पेटीही कधी मुकी होते, तेव्हा बँकेचा मेसेज.

पैसे कापले गेले आणि दुकानदाराला मिळाले नाहीत तर लगेच दुसऱ्यांदा देऊ नका, त्याला वहीत लिहायला सांगा. दुकानाच्या स्कॅनरवर असेल तर पाच दिवसांत, माणसाच्या खात्यावर असेल तर दुसऱ्या दिवशी पैसे परत आले पाहिजेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला शंभर रुपये द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. एटीएममधून नोटा न निघता पैसे कापले तरी पाच दिवस आणि मग शंभर. मागितल्याशिवाय सहसा देत नाहीत. खरोखर फसवणूक झाली तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग बँक. आधी घरात एकमेकांना विचारत बसू नका, तेवढ्या वेळात पैसे तिसऱ्या खात्यात गेलेले असतात.

कार्डाचं फार लिहीत नाही, खेड्यात ते चालवायचं मशीनच एखाद्याकडे असतं. बाबांनी ते तालुक्याच्या एटीएमपुरतं ठेवावं. आपल्या भागात दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून महिन्याला पाच व्यवहार फुकट, पुढे मे २०२५ पासून दर वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर कर. शिल्लक बघणंही त्या पाचात मोजलं जातं, हे पुष्कळांना माहीत नसतं. पिन कार्डाच्या पाकिटावर लिहिलेला नाही ना, बघून घ्या. दहापैकी चार पाकिटांवर मला तो दिसतो.

आईचं पेटीतलं जनधनचं कार्ड मात्र पेटीत ठेवू नका. त्या रुपे कार्डावर अपघाती विमा आहे. खातं २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलं असेल तर दोन लाखांचा, आधीचं असेल तर एक लाखाचा. पण अट अशी की अपघाताच्या आधीच्या नव्वद दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं असलं पाहिजे. वावरात वीज पडली, साप चावला, रस्त्यावर गाडीने उडवलं, अशा घरांत मी अर्ज भरायला बसलेलो आहे, आणि ‘कार्ड कधी वापरलं होतं?’ या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघतात.

रोकडीचं एकच. दहाचं नाणं आमच्याकडे अजून काही दुकानदार घेत नाहीत, ‘हे नकली, यावर पट्ट्या कमी’ म्हणतात. दहाच्या नाण्याच्या चौदा वेगवेगळ्या डिझाइन चलनात असल्याचं रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच जाहीर केलं आहे, सगळी खरी. आईकडे डब्यात साठलेली असतील तर माझ्यासारख्या किराणावाल्याकडे न्या. आम्हाला चिल्लर हवीच असते.

पोळ्याला याल तेव्हा एक दिवस हातात ठेवा. सकाळी बाबांना घेऊन लहान खातं उघडायला जा आणि मोठं खातं ॲपमधून काढून टाका. खात्याला लावलेलं सिम बाबांच्याच नावावर आहे का, त्यात रिचार्ज आहे का बघा. नंबर बंद पडून दुसऱ्याला मिळाला की ओटीपीही त्यालाच जातात. मग आईला तिच्या कार्डासकट एटीएमवर न्या. नवा पिन तिचा तिलाच टाकू द्या, तुम्ही मागे वळून उभे राहा. तिने नुसती शिल्लक बघितली तरी ते नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. येताना बाजारातून भाजी घ्याल, तिथे खिशात सुट्या नोटा असू द्या.